वाट सोडली, तिथंच वाट लागली

डोंबिवली पूर्व,
रविवार, दुपार

प्रिय मन्या,

तुझा फोटो पोचला. बॅनब्रिजचा तो 'गेम ऑफ थ्रोन्स'चा स्टुडिओ, मागे लोखंडी सिंहासन आणि पुढे तू, अंगावर तोच चौकड्यांचा जुना शर्ट. बेलफास्टला जाऊन माणूस सुधारतो म्हणतात, तसं काही दिसत नाही. आणि खाली तुझी ती ओळ : "तुझ्या आजोबांचं पुस्तक झालं का रे पुरं? आमच्यांनी निदान २०१९ मध्ये हिशेब चुकता करून दुकान बंद केलं."

आजोबा म्हणजे माझे जॉर्ज मार्टिन, ज्यांच्या पुस्तकांवरून ती मालिका निघाली, आणि 'आमचे' म्हणजे तुझे मालिकावाले बेनिऑफ आणि वाइस. याला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर द्यायला बसलो, चार ओळी लिहिल्या, खोडल्या. म्हटलं, हे भांडण बारा-तेरा वर्षांचं आहे, त्याला अंगठ्याने टाइप केलेलं उत्तर शोभत नाही. ही घरातली भांडी घासायला टाकून (घासतो मीच, फक्त नंतर) तुला रीतसर पत्र लिहायला बसलोय.

आधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. गेले चार महिने मी दोन्ही पुन्हा केलं, पुस्तकंही आणि मालिकाही. आणि मालिकेची पहिली चार वर्षं मला आठवत होती त्यापेक्षा चांगली निघाली. तेव्हा मी शेजारी बसून "पुस्तकात असं नाहीये, पुस्तकात असं नाहीये" करत तुझं डोकं उठवायचो. त्याबद्दल, उशिरा का होईना, क्षमस्व.

कारण गंमत अशी की मला सगळ्यात आवडलेला प्रसंग पुस्तकात नाहीच. पहिल्या वर्षीच्या पाचव्या भागात राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी दोघंच बसलेत, दारू पीत. सतरा वर्षांचा संसार, प्रेमाचा पत्ता नाही, आणि दोघं राज्यकारभारावर बोलतायत. तो विचारतो, मोठा आकडा कुठला, पाच की एक? ती म्हणते पाच. तो एका हाताची पाच बोटं दाखवतो, दुसऱ्या हाताची मूठ वळतो. एक सैन्य, एक हेतू. मग हळूहळू गाडी लग्नावर येते. ती विचारते, आपलं कधी जमण्यासारखं होतं का? तो नाही म्हणतो. अक्षरशः दोन माणसं, एक टेबल. पुस्तकात हे येऊच शकत नव्हतं, कारण तिथे प्रत्येक प्रकरण एकाच्या डोळ्यांतून दिसतं, आणि पहिल्या खंडात रॉबर्टचेही डोळे नाहीत, सर्सीचेही नाहीत. सर्सीच्या डोक्यात शिरायला चौथा खंड उजाडावा लागतो. आणि हा प्रसंग लिहिला का, तर पहिल्या वर्षीचे भाग मिनिटांत कमी भरत होते म्हणून! भरताड म्हणून घातलेलं सोनं निघालं. उत्तरेच्या सरदाराची, नेडची, धाकटी पोर आर्या आणि सर्सीचा बाप टायविन यांचे हॅरेनहॉल किल्ल्यातले प्रसंगही तसलेच. पुस्तकात ती टायविनची नाही, सरदार रूस बोल्टनची पेला भरणारी पोर असते. तेव्हा "मूळाशी इमान राखलं नाही" ही माझी जुनी फिर्याद मी मागे घेतो. इमान हा मुद्दाच नव्हता.

मुद्दा वाटेचा होता.

आठव हं. पहिल्या खंडात राजा उत्तरेला येतो तो महिनाभर रखडत, राणीच्या त्या अवाढव्य गाडीसकट. आणि परतीच्या वाटेवर ट्रायडंट नदीकाठी आर्या आणि राजपुत्र जॉफ्रीचं ते पोरासोरांचं भांडण होतं. त्यात खाटकाचा पोरगा जिवाला मुकतो, आर्याच्या बहिणीची, सान्साची, लांडगी मारली जाते, दोन बहिणींमध्ये भिंत उभी राहते, आणि राजाची खरी किंमत काय ते नेडला कळतं. राजधानी यायचीच आहे अजून! वाटेत एवढं घडून गेलं. ही सगळी गोष्टच चालणाऱ्यांची आहे. सर्सीचा भाऊ जेमी रिव्हररनच्या कैदेतून निघतो तेव्हा एक माणूस असतो, वाटेत हात जातो, आणि पोचतो तो भलताच कोणीतरी. मालिकेनेही तिसऱ्या वर्षी हे अख्खं चालू दिलं. चिखलातून, दोरीला बांधून, भाग-भाग चालवलं, म्हणून तो हमामातला प्रसंग काळजात घुसला. तोच जेमी शेवटच्या वर्षी त्या वाटेवरच्या सोबतिणीला, ब्रिएनला, रात्री अंगणात रडत टाकून घोड्यावर बसतो आणि निघतो. एका प्रसंगात. तीन वर्षं चालून आलेला माणूस तीन मिनिटांत परत सर्सीकडे.

सातव्या वर्षाचा सहावा भाग तर मी या वेळी घड्याळ लावून बघितला. उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात नायक मंडळी अडकतात. त्यांच्यातला गेंड्री धावत किल्ल्यावर जातो, तिथून निरोपाचा कावळा उडतो, अख्खा खंड ओलांडून ड्रॅगनस्टोन बेटावर पोचतो, आणि ड्रॅगनवाली राणी डेनेरिस तेवढंच अंतर उलटं उडून येते. तोवर ही मंडळी खडकावर थंडीत कुडकुडत जिवंत! आपली ८.५७ची लोकल इतकी वेळेवर असती तर मी आज मुख्य व्यवस्थापक असतो. त्या भागाच्या दिग्दर्शकानेही नंतर मान्य केलं की वेळेचा हिशेब जरा धूसर झाला होता. जरा!

तू म्हणशील, ड्रॅगन चालतात आणि कावळ्याचा वेग खटकतो होय? हो, खटकतो. ड्रॅगन मी पहिल्याच दिवशी मान्य केले. अंतर त्यांनी स्वतःच मोजून दिलं होतं, आणि मग स्वतःच मोडलं.

आता तुझा हुकमी एक्का, चौथा खंड. "ती ब्रिएन नुसती हिंडते, आणि ज्या पोरीला शोधते ती तिथे नाही हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक! संपादक झोपला होता काय?" हे वाक्य तू कल्याणच्या पुलावर मला ऐकवलं होतंस, माझ्या हातातला वडापाव गार होईपर्यंत. मन्या, त्या हिंडण्यातच मेरिबाल्ड भेटतो. तू बहुतेक पानं उलटलीस, म्हणून सांगतो. हा अनवाणी हिंडणारा साधू. बरोबर एक गाढव आणि एक कुत्रा. म्हणजे एकनाथांचं गाढव आणि नामदेवांचा कुत्रा एकाच माणसाच्या पदरी. कुत्र्याचं नावही नुसतं "कुत्रा". वाटेत फौज सोडून पळालेल्या शिपायांचा विषय निघतो. रानात लपून लुटालूट करणारे, सगळे त्यांना घाबरतात. आणि हा सांगायला लागतो की हे कोण असतात. गावातली पोरं असतात. घरापासून मैलभरही न गेलेली. सरदाराने बोलावलं म्हणून भावाबरोबर, मित्राबरोबर गाणी म्हणत निघतात. मग भाऊ मरतो. जोडे झिजतात, ते मेलेल्याच्या पायांतले काढून घालतात. पोट बिघडतं. एके दिवशी आजूबाजूला पाहतात तर ओळखीचं कोणी उरलेलं नाही, आपण कुठे आहोत ते कळत नाही. आणि तेवढ्यात लोखंड घातलेले घोडेस्वार अंगावर येतात. त्याला विचारतात, तू किती वर्षांचा होतास लढाईला गेलास तेव्हा? तो शेजारच्या पोराकडे बघून म्हणतो, याच्याएवढा. त्या लढाईच्या नावात राजे होते आणि पैसे होते. तो म्हणतो, मला ना राजा दिसला ना पैसा मिळाला. लढाई मात्र होती.

सबंध मालिकेत, ते हजारो घोडे आणि कोट्यवधी डॉलर ओतून, युद्धाबद्दल याच्या तोडीचं काही नाही. सहाव्या वर्षी त्यांनी तसा एक साधू आणला, नट फक्कड होता, पण एका भागात आणून त्याच भागात फासावर लटकवला. वाट चालायला वेळ कुणाला आहे!

बरं, डेनेरिस. इथे मी तुझ्या बाजूला आहे, आणि तुला ते आवडणार नाही. तू म्हणतोस तिचं शेवटी शहर जाळणं पहिल्यापासून पेरलेलं होतं. होतंच. जिंकलेल्या मीरीन शहरात तिने १६३ मोठ्या लोकांना खांबांना ठोकलं, तेव्हा आपण दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी मुक्कामाबद्दल तक्रारच करत नाहीये. पाचवा खंड पुन्हा उघड आणि बघ. सुरुवातीलाच एक बाप येतो, गोणपाटातून काळी पडलेली हाडं ओततो. त्याची मुलगी, ड्रॅगनने खाल्लेली. चार वर्षांची, हझेया. डेनेरिस ते नाव मनात घोकत राहते, त्या नावापायी बाकीच्या दोन ड्रॅगनना तळघरात साखळदंड घालते. शांतता हवी म्हणून नको त्याच्याशी लग्न करते. आणि शेवटी पोरीला खाणाऱ्या त्याच ड्रॅगनवर बसून शहर सोडते. मग ती एकटी, गवताच्या समुद्रात, उपाशी, ताप चढलेला, पाय फुटलेले. ती पोरगी आठवते. पण तिचं नाव काही केल्या आठवत नाही.

बस्स. एवढंच. मला या वेळी ते वाचून पुस्तक मिटून गॅलरीत जावं लागलं. ज्या बाईला ते नाव आठवत नाही, ती उद्या काय करेल ते मला सांगायला नको. मालिकेत काय, तर घंटा वाजतात, ती महालाकडे बघते, चेहरा बदलतो, आणि जाळते. डेनेरिस झालेली बिचारी एमिलिया क्लार्क एका चेहऱ्यावर हजार पानांचं काम करत होती.

तू म्हणतोस त्यात तथ्य आहे की त्यांच्या हातात पुस्तकच उरलं नव्हतं. पाचवा खंड जुलै २०११ मध्ये आला, मालिकेचं पहिलं वर्ष संपून महिनाही झाला नव्हता, आणि त्यानंतर सहाव्याचा पत्ता नाही. पण वेळ तर होता ना रे? आधी दर वर्षी १० भाग, मग सातव्याला ७ आणि आठव्याला ६, म्हणजे ऐन निकडीच्या वेळी पोळी लहान केली. मालिकेची वाहिनी एचबीओ आणखी भाग द्यायला तयार होतं. बेनिऑफ आणि वाइस यांनाच उरकायचं होतं. लग्नघरात शेवटच्या पंगतीला वाढपी जसे पळत पळत वाढतात, तसं.

आठव्या वर्षीचा तिसरा भाग आठवतो? सोमवार, २९ एप्रिल २०१९. आपलं लोकसभेचं मतदान त्याच दिवशी, म्हणून सुट्टी. सकाळी साडेसहाला माझ्याकडे जमलो, आणि पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. तू उठून खिडकीला चादर लावलीस, मग आईची साडी लावलीस, शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलास. ८२ मिनिटं आपण अंधारात डोळे फाडून "हा कोण मेला? हा कोण?" करत होतो. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, लाइट गेलेत का? नंतर शाई लावून घ्यायला रांगेत उभे होतो तेव्हा तू गप्प होतास. तू आत्ता काहीही म्हण, त्या दिवशी तुझाही चेहरा पडला होता.

आता माझ्या आजोबांबद्दल. त्यांची पंचाहत्तरी उलटली, आणि तू विचारतोस त्यात चूक काही नाही. २००५ साली चौथ्या खंडाच्या शेवटी त्यांनीच लिहिलं होतं की त्या खंडात न आलेली पात्रं पुढच्या वर्षी भेटतील. भेटली २०११ ला. एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली होती. तिसऱ्या खंडानंतर त्यांनाही उडीच मारायची होती. पाच वर्षं मध्ये सोडून द्यायची, पोरं मोठी झालेली दाखवायची, असा बेत होता. बरंच लिहिलं, आणि मग ते सगळं फेकून दिलं, कारण मधली वर्षं सतत मागे वळून सांगावी लागत होती. उडी मारेना, म्हणून चालत निघाले, आणि चालता चालता मीरीनच्या गाठीत असे अडकले की अजून सुटतायत. म्हणजे वाट सोडली तर तुमची मालिका होते, आणि वाट धरली तर माझे आजोबा. मला दुसरं परवडतं. तुला परवडत नाही, मान्य. गोष्टीला शेवट असावा असं तुला वाटतं. मला अधूनमधून, सहाव्या खंडाची बातमी शोधून झाल्यावर, रात्री बारा वाजता, तसंच वाटतं. पण ते सकाळपर्यंत टिकत नाही.

एका जागी मात्र मला निकाल देता येईना. ते लाल लग्न, जिथे यजमानच पाहुण्यांची कत्तल करतात. मालिकेत नेडची बायको कॅटलिन रूस बोल्टनची बाही वर सारते आणि खाली चिलखत दिसतं. त्याचा तो चेहरा! आणि शेवटी नावं येतात ती संगीताशिवाय, नुसती शांतता. जून २०१३ मध्ये तू मला रात्री फोन केलास आणि अर्धा मिनिट काहीच बोलला नाहीस. पुस्तकात ती बाही यजमान फ्रे घराण्यातल्या पोराची असते, आणि शेवट कॅटलिनच्या डोक्याच्या आतून. शुद्ध हरपत चाललेली ती बाई, शेवटचा विचार केसांचा. केस नका कापू, नेडला आवडतात. कुठलं जास्त भयंकर, हे ठरवायला मला ते प्रकरण पुन्हा वाचायचं होतं.

आणि इथेच घोडं अडलंय. तिसरा खंड आपल्याकडे दोन पुस्तकांत मिळायचा, आठवतंय ना? माटुंग्याच्या फूटपाथवरून घेतलेले. त्यातला पहिला भाग माझ्यासमोर आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेला. दुसरा भाग त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी "खरंच असं लिहिलंय का बघतो" म्हणून तू घेऊन गेलास, तो आता बेलफास्टला तुझ्या कपाटात आहे. वहिनींनी गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं तेव्हा मला तो दिसला. त्यावर कुंडी ठेवलीय.

डिसेंबरात येशील तेव्हा घेऊन ये. कुंडी नको. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, आणि आई विचारते तिच्या निळ्या साडीला खिळ्याचं भोक कुणी पाडलं. मी तुझं नाव सांगितलंय.

तुझा,
बाळ्या