साहेब, एकदा दिवसांचा हिशोब करू

मा. आरोग्यमंत्री साहेब,

रामराम. पत्र जळगाव जिल्ह्यातून लिहितोय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण धुळ्याकडच्या नाहीतर नंदुरबारकडच्या माणसाने वाचलं तरी त्याला हे आपल्याच गल्लीचं वाटेल.

मागच्या आठवड्यात आशाताई घरी डेंग्यूचं पत्रक देऊन गेल्या. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासून ठेवा. आमची माय पत्रक ऐकून एवढंच बोलली, "हाई पानी फेकी देसूत ते दहा दिन पिसूत काय?" आशाताई हसल्या, काय बोलणार, त्यांच्या ओट्यावर पण तेच दोनशे लिटरचे निळे ड्रम आहेत.

आता साहेब हिशोब बघा. डेंग्यूचा एडिस डास, अंगावर पांढरे पट्टे असलेला, गटारात नाही तर घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस, गरमीत अजून लवकर. आणि आमचा नळ येतो दहाव्या दिवशी, कधी मोटर जळाली की बाराव्या. म्हणजे नवीन पाणी यायच्या आत जुन्या ड्रममधून एक पिढी उडून गेलेली असते. बरं नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी पाण्याच्या रेषेच्या वर ड्रमच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात, म्हणून काथ्याने खसाखसा घासावं लागतं, आणि घासून धुवायला पण पाणीच लागतं ना. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचे व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतात, तेव्हासुद्धा आमच्या नळाचा वार तोच.

तुमचं खातं 16 मे ला राष्ट्रीय डेंग्यू दिवस करतं. 16 मे ला इकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, घराघरात कूलर चालू आणि जेवढी भांडी घरात असतील तेवढी भरलेली. जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद, पण खालच्या टाकीत चार बोटं पाणी तसंच, ते कोणी बघत नाही. (आमच्याही कूलरमध्ये निघाल्या होत्या अळ्या, खोटं कशाला बोलू.) मग पेशंट वाढले की संध्याकाळी धुराची गाडी येते, पोरं मागे पळतात, फोटो पेपरात येतो. धुराने उडणारे डास मरतील, ड्रममधली अळी मरत नाही, आणि हा डास चावतो दिवसा, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी.

आता दुसरा हिशोब, तो माझ्या पुतण्याचा. 19 वर्षांचा पोरगा, एकदम कडक ताप, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडून आलंय. गावातल्या एका दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन मारलं आणि ब्रुफेनच्या गोळ्या दिल्या. नंतर कळलं की डेंग्यूचा संशय असताना हे द्यायचंच नसतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो, तापाला फक्त पॅरासिटामॉल. चौथ्या दिवशी ताप उतरला, आम्ही म्हटलं सुटलो, तो कापूस वेचायला गेला पण. पाचव्या दिवशी संध्याकाळी पोटात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार. ताप उतरतो तेव्हाच, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, रक्तातलं पाणी नसांच्या बाहेर झिरपतं आणि खरा धोका तिथे असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या पत्रकावर डासाचं चित्र अर्धं पान आहे, ही ओळ कुठेच नाही.

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 38 हजार. प्लेटलेटलाच इकडे पांढऱ्या पेशी म्हणतात, तर "पांढऱ्या पेशी कमी झाल्या" म्हणून सगळं खानदान रात्रभर प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी पळतंय, कोणी पपईच्या पानांचा रस आणतंय, गेटवर किवीवाला भाव लावून उभा. सकाळी मोठे डॉक्टर आले, म्हणाले रक्तस्राव नाही, आकडा दहा हजारांच्या खाली नाही, पिशवी कशाला? लघवी किती होते बघा आणि हिमॅटोक्रिट बघा, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय ते, आणि सलाईन मोजून द्या, जास्त झालं तर फुफ्फुसात पाणी साचेल. पोरगा वाचला. पण ते डॉक्टर त्या दिवशी सुट्टीवर असते तर?

आणि सरकारच्या कागदावर त्याला डेंग्यू झालाच नाही! प्रायव्हेट लॅबमध्ये झटपट तपासणीच्या कार्डवर एनएस 1, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचा अंश, पॉझिटिव्ह होतं, पण कार्ड तुम्ही धरत नाही, एलायझा ही लॅबमधली पक्की तपासणी लागते. सुरुवातीच्या पाच दिवसांत एनएस 1, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने डेंग्यूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, हे दिवस ठरलेले आहेत. त्याचं रक्त सरकारी एलायझासाठी कोणी पाठवलंच नाही, म्हणून तो "डेंग्यूसदृश". आमच्या गल्लीत असे चार सदृश आहेत, आणि सदृशसाठी गल्लीत कोणी ड्रम बघायला येत नाही.

मागणं फार मोठं नाही. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, तापाच्या पेशंटचं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, तिथेच आणि गरजेला रोज होऊ द्या, एलायझाचा रिपोर्ट घरच्यांच्या मोबाईलवर येऊ द्या. कोरडा दिवस नळाच्या वाराला जोडा, आदल्या संध्याकाळी ड्रम तळाला गेलेला असतो, तेव्हा घासायला सांगा, लोक घासतील. मधल्या दिवसांसाठी ड्रमच्या तोंडावर घट्ट बांधायला जाळीचं कापड द्या, हौदाला अळ्या खाणारे गप्पी मासे द्या. आणि पाणी तुमचं खातं नाही हे माहितीय, पण ज्यांचं आहे ते मंत्रिमंडळात तुमच्या शेजारीच बसत असतील, त्यांना एवढं विचारा की नळ सात दिवसांच्या आत येऊ शकतो का.

आमचा नळ परवा आहे असा मेसेज आलाय. दोन ड्रम घासून उलटे घातलेत, तिसऱ्यात प्यायचं आहे, त्यावर मायच्या जुन्या लुगड्याचा पदर बांधलाय.

तुमचा,
जळगाव जिल्ह्यातला एक मतदार