पहिली होडी अशी पडून नको राहायला

संपादक साहेब, नमस्कार. २०१७ मध्ये नौदलाच्या सहा मुली तारिणी ही शिडाची नौका घेऊन गोव्यातूनच निघाल्या आणि २०१८ च्या मे महिन्यात जगाला वळसा घालून परत इथंच आल्या, आणि २००९-१० मध्ये नौदलाचे दिलीप दोंदे ज्या म्हादेई नावाच्या शिडाच्या नौकेतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती तर आपल्या दिवाडी बेटावर बांधलेली, हे सगळं पेपरात भरभरून आलं, अभिमानच वाटतो. पण मांडवीकाठच्या छोट्या सेलिंग क्लबांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

आमचा क्लब सुरू झाला तेव्हा ऑफिस नव्हतं, एका माडाखाली ताडपत्री आणि एकच ऑप्टिमिस्ट, म्हणजे १५ वर्षांपर्यंतच्या पोरांची, जेमतेम २.३ मीटर लांब, पुढून चपटी होडी. प्लायवूडची, सांधे गावच्या सुतारानं भरलेले, शिडाला माझ्या आईनं घरच्या मशीनवर ठिगळ लावलेलं, निळा दोरा होता अजून आठवतो. सकाळी वारा नसायचा, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की आठ-दहा पोरं रांगेत, पण ओहोटीला होडी बाहेर ओढली जायची म्हणून एक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, काका कंबरभर पाण्यात दोरी धरून उभे राहायचे, तासन् तास, एक पैसा न घेता. पोहता येत नसेल तर होडीत बसूच द्यायचे नाहीत. पावसाळ्यात सगळं बंद.

ती होडी आज शेडमागे वाळवी खात पडलीय. ती दुरुस्त करून कुठंतरी नीट ठेवा एवढंच मागणं, सुतारकामाचा खर्च आम्ही जुनी पोरं वाटून घेऊ.

– एक वाचक, पणजी