प्लॅन वाढवण्याआधी पिंग मोज

जळगाव,
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा रविवार

प्रिय गणेश,
सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. रात्री आठनंतर ऑनलाइन गेमची मॅच अडकते, समोरचा गडी इथून तिथं उडी मारल्यासारखा दिसतो, नेम बरोबर असून गोळी लागत नाही, मधेच 'रिकनेक्टिंग' येतं. म्हणून तू शंभरचा प्लॅन सोडून तीनशे एमबीपीएसचा घ्यायला निघाला आहेस. भो, तेवढं थांब. त्या पैशानं हा आजार जाईल असं मला वाटत नाही. फोनवर सांगितलेले आकडे विसरले जातात, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो.

गेमला स्पीड फार लागतच नाही. अपडेट उतरवायला लागतो ती गोष्ट वेगळी, पण प्रत्यक्ष खेळताना बहुतेक गेम तासाला काहीशे एमबीच वापरतात. दहा एमबीपीएसची लाईनसुद्धा त्याला पुरून उरते. गेमला हवा असतो तो वेळेचा नियमितपणा. पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो वेळ दर खेपेला किती खाली-वर होतो तो जिटर. वाटेत हरवलं तो पॅकेट लॉस. असे गेम हालचालींची माहिती सहसा यूडीपी या पद्धतीनं पाठवतात आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवत बसत नाहीत, कारण अर्ध्या सेकंदापूर्वी तू कुठं होतास हे आता कळून उपयोग नसतो. यूट्यूब मात्र पुढचा भाग आधीच साठवून ठेवतं, त्यामुळं तिथं दोन टक्के लॉस कळतही नाही. 'बाकी सगळं तर मस्त चालतंय' हे तू लिहिलंस, त्यावरून लाईन चांगली आहे असं ठरत नाही.

पिंग किती असावा, याचा अंदाज आधी डोक्यात ठेव. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. तुझ्या अमळनेरहून मुंबई चारएकशे किलोमीटर धर, म्हणजे जाऊन-येऊन निव्वळ प्रवासाचे चार मिलिसेकंद. तार सरळ जात नाही आणि वाटेत यंत्रं असतात, ते धरूनही मुंबईच्या सर्व्हरला १५ ते ३० मध्ये पिंग मिळायला हवा. व्हॅलोरंट या गेमचा सर्व्हर मुंबईत आहे, लॉबीत तोच निवडलेला आहे ना ते बघ. चुकून सिंगापूर निवडलं गेलं असेल तर कितीही खटपट केली तरी पिंग साठाच्या आसपास किंवा वरच राहणार.

आणखी एक शंका आधी मिटव. अडकतंय ते नेटमुळं की लॅपटॉप तापल्यामुळं? गेमच्या सेटिंगमध्ये एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात), नेटवर्क आरटीटी (म्हणजे पिंगच) आणि पॅकेट लॉस हे तिन्ही आकडे स्क्रीनवर सुरू कर. अडकताना एफपीएस कोसळला आणि आरटीटी जागेवर राहिला, तर दोष नेटचा नाही. वैशाखात बंद खोलीत लॅपटॉप आणि फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. फोनवर बीजीएमआय खेळताना चार्जिंग लावलेलं असेल तर हे हमखास होतं. एफपीएस स्थिर आणि फक्त बाकीचे खेळाडू उड्या मारतात, तर मग नेटच्या मागं लागायचं.

आता मोजणी. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघड (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची). पहिलीत 'पिंग -टी' आणि पुढं राउटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. तिसरीत 'पिंग -टी ८.८.८.८' (हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता). दुसरीसाठी आधी 'ट्रेसर्ट ८.८.८.८' चालव. त्यात दुसऱ्या ओळीला जो पत्ता येईल तो बहुधा केबलवाल्याकडचं (नेट देणाऱ्याकडचं) पहिलं यंत्र, त्यालाच पिंग लाव. ते उत्तर देत नसेल तर तिसऱ्या ओळीचा पत्ता घे. तिन्ही खिडक्या चालू ठेवून रात्री नऊला एक मॅच खेळ. संपल्यावर कंट्रोल-सी दाब, खाली हिशेब येतो: किती पाठवले, किती हरवले, कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. सरासरीवर जाऊ नकोस. नव्व्याण्णव वेळा २० आणि एकदा ६०० आला तरी सरासरी सव्वीसच्या आत दिसते, आणि तू मरतोस ते त्या सहाशेमुळं.

राउटरचा आकडाच उडत असेल तर दोष घरात आहे. केबलवर हा आकडा १ मिलिसेकंदाच्या आत आणि चांगल्या वायफायवर २ ते ५ असतो. तिथंच ८०, १५० दिसले तर बाहेरच्या कुणाला दोष देता येत नाही. राउटर शांत आणि दुसरी खिडकी उडतेय, तर घर ते केबलवाला यामधला भाग. दोन्ही शांत आणि फक्त तिसरी उडतेय, तर त्याच्या पुढचा. एक फसगत मात्र ध्यानात ठेव: ट्रेसर्टमध्ये मधल्याच एखाद्या ओळीला चांदण्या (*) दिसल्या आणि शेवटचं ठिकाण नीट उत्तर देत असेल, तर काळजी नाही. पुष्कळ यंत्रं पिंगला उत्तर द्यायचं मुद्दाम टाळतात.

माझा पहिला संशय तुझ्या घरावरच आहे. पुढची ओसरी आणि मधलं घर धाब्याचं, दीड-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती. राउटर पुढं आणि तू मागच्या स्लॅबच्या खोलीत. पाच गीगाहर्ट्झची लाट अशा दोन भिंतींपुढं टिकत नाही. मग लॅपटॉप २.४ वर जातो, आणि तिथं गल्लीतले सगळे राउटर, ब्लूटूथ, कॅमेरे एकाच वाटेवर असतात. वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. जिटर तिथूनच येतो. त्यात उन्हाळ्यात खिडकीला पत्र्याचा कूलर. पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवतात, राउटर त्याच्या मागं असेल तर आधी हलव.

यावर माझं ठाम मत एकच, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत नेटची केबल ओढ. कॅट-सिक्स, शुद्ध तांब्याची, तुझ्या घराला २० मीटर पुरेल. दुकानात तारेचं टोक खरवडून बघ. आत पांढरी धातू निघाली तर ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली, ती घेऊ नकोस, वाकवली की आत तुटते. दोन्ही टोकांना तारांचा क्रम एकच ठेव: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. विजेच्या वायरच्या पट्टीतून ती नेऊ नकोस. लावल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड बघ. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिटचे असून १००० ऐवजी १०० दिसले तर आठातली एखादी तार नीट दाबली गेलेली नाही.

केबल शक्यच नसेल तर राउटर मधल्या घरात, उंचावर, मोकळ्यावर ठेव. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात मोकळा निवड आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेव. पाचवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला घे. ५२ ते १४४ मधले चॅनल टाळ, कारण तिथं रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावाच लागतो आणि मॅच तुटते. बसतोस त्या जागी सिग्नल उणे ६७ डीबीएमपेक्षा चांगला असावा (हे सिग्नलच्या जोराचं माप, आकडा शून्याकडं जितका जवळ तितका चांगला). उणे ७५ ला खेळू नकोस. स्वस्तातला रिपीटर तर नकोच, तो ऐकायला आणि बोलायला एकच रेडिओ वापरतो म्हणून वेळ दुप्पट जातो.

दुसरं कारण आठवड्याभरात समोर येईलच. आखाजीला तायडी आणि भाचेमंडळी आली की घरात दहा-बारा फोन. दिवसभर काढलेले फोटो, झोक्यांचे व्हिडिओ रात्री वायफाय मिळालं की गुगल फोटोजवर चढायला लागतात. गेम अडकवतो तो हा अपलोड. राउटरसमोर पॅकेटची रांग लागते आणि तुझं इवलंसं पॅकेट त्या रांगेत शेवटी उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. तपासायला सोपं आहे. ८.८.८.८ चा पिंग चालू ठेवून फोनवरून एक मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढव. २० चा पिंग २०० झाला तर हेच. तीनशेच्या प्लॅननं रांग जरा उशिरा लागेल, पण लागेल. उपाय असा की राउटरमध्ये एसक्यूएम (पॅकेटची रांग सांभाळणारी सोय) असेल, ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ते 'केक' हा प्रकार निवडून लावता येतं, तर डाउनलोड-अपलोड दोन्हीची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के टाकायची. म्हणजे रांग केबलवाल्याकडं न लागता तुझ्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो छोट्या पॅकेटला आधी सोडतो. कंपनीच्या डब्यात हे बहुधा नसतं. तिथं निदान प्रत्येक फोनला अपलोडची मर्यादा घाल, फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतरवर ढकल, आणि दुकानाच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जात असेल तर त्याची गुणवत्ता कमी कर. लॅपटॉपवर विंडोजचं 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' बंद कर.

'रिकनेक्टिंग' येतं ते मात्र वेगळं दुखणं वाटतं. ते आलं की लगेच राउटरच्या पानावर जाऊन 'अपटाइम' बघ. दोन असतात, एक यंत्राचा आणि एक वॅन किंवा पीपीपीओईचा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा. यंत्राचाच आकडा शून्यापासून सुरू झाला असेल तर राउटर स्वतः बंद पडून पुन्हा चालू झालाय. लाईट गेली नसेल तर त्याची कारणं आपल्याकडं बहुतेकदा दोनच, ऊन आणि अॅडाप्टर. पुष्कळ घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा त्यापुढं जातो, मग माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेल्या डब्याचं काय होत असेल! तुझा तसा असेल तर खाली आण, भिंतीपासून चार बोटं सुटा ठेव, वर कापड टाकू नकोस. अॅडाप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेले असतात, पण आतले कपॅसिटर उष्णतेनं सुकले की भार पडल्यावर व्होल्टेज खाली येतं. नुसता मोजला तर १२ दाखवेल, म्हणून दुसरा त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अॅडाप्टर लावून दोन दिवस बघणं हीच खरी परीक्षा. कूलरच्याच बोर्डावर तो लावू नकोस.

यंत्राचा अपटाइम चालू आणि फक्त वॅनचा तुटला, तर लाईन. फायबर डब्याच्या पानावर 'आरएक्स पॉवर' (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर) बघ. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या आसपास असेल तर काठावर आहेस. दुपारी आणि पहाटे, दोन्ही वेळा लिहून ठेव. दुपारी आकडा पडत असेल तर कुठंतरी फास्ट कनेक्टर किंवा कच्चा जोड उन्हानं हलतोय. लाइनमनला सांग की मशीननं स्प्लाइस करून (फायबरची टोकं वितळवून जोडून) द्या. ड्रॉप केबल (बाहेरून घरात येणारी फायबरची तार) खिळ्याला गच्च वळवलेली असेल तर वळण सैल कर, वाटीच्या तोंडापेक्षा लहान वळण नको. हिरवं टोक हिरव्यातच जातं, निळ्यात घातलं तर प्रकाश वाया जातो. टोक काढून डोळ्यानं आत बघू नकोस, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

आणि एक विचारून घे: तुमच्या गल्लीत घरापर्यंत फायबर आहे, की चौकातल्या डब्यातल्या स्विचमधून साधी केबल येते? स्विच असेल तर लाईट गेली की तुझा इन्व्हर्टर काही कामाचा नाही, कारण चौकातला स्विचच मेलेला असतो. त्या डब्याला बॅटरी बसवायला केबलवाल्याच्या मागं लाग. घरापर्यंत फायबर असेल तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घे. ८८०० एमएएचचा म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास, आठ वॉटच्या डब्याला तीन तास आरामात.

डीएनएस बदलून मॅचमधला पिंग कमी होत नाही. गेम बूस्टर अॅपवर पैसे घालू नकोस. तात्पुरती सोय म्हणून मोबाइलचं नेट वापरलंस तर हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग बरं.

घरातलं सगळं नीट करूनही दुसरी खिडकी फक्त रात्री आठ ते अकराच उडत असेल, तर केबलवाल्यानं एका वाटेवर जास्त घरं घातली आहेत. तेव्हा 'नेट स्लो आहे' म्हणू नकोस, त्यावर तो स्पीडटेस्ट करून दाखवेल आणि निघून जाईल. तीन दिवसांचे सकाळ, दुपार, रात्रीचे आकडे, पॅकेट लॉसची टक्केवारी आणि आरएक्स पॉवर, एवढं कागदावर त्याच्या हातात दे. तेच आकडे मलाही पाठव. केबल ओढण्याआधीचे आणि नंतरचे वेगवेगळे लिही.

नानांना आणि माईंना नमस्कार सांग. क्रिम्पिंगचं पक्कड माझ्याकडं आहे, आखाजीला येताना घेऊन येतो. केबल मात्र आणून ठेव.

तुझा,
नितीन