जांबोटीकडच्या मेस्त्री मामांना

मेस्त्री मामा, नमस्कार.

तुम्ही काही हे वाचणार नाही, नातू मोबाईलवर वाचून दाखवील. तरी उघड लिहितेय. ज्यांनी आधी आम्हाला फिरवलं त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर वाईट वाटून घेणार नाही.

खानापूर तालुक्यातलं जुनं लाकडी घर विकत घेतोय म्हटल्यावर बेळगावातल्या नातेवाइकांनी आधीच आम्हाला वेड्यात काढलं होतं. त्यात दलाल भेटला तो असा, की प्रत्येक खांबावर थाप मारून म्हणे, "सागवान आहे, शंभर वर्षं बघायला नको." निम्मे खांब किंदळाचे, म्हणजे दुसऱ्याच जंगली लाकडाचे होते, हे तुम्ही आल्यावर कळलं. मग इंजिनिअर आले. सोप्यात बुटांसकट उभं राहून वर बघितलं आणि "पाडा, आरसीसी करा" म्हणून फी घेऊन गेले. पुरावा काय, तर 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात मागची मातीची भिंत पडली होती. बँकेच्या माणसानं तर जागेची किंमत धरली आणि घराच्या रकान्यात शून्य घातलं. आणि ही सगळी मंडळी बोलत होती ती आमच्या ह्यांच्याशी. पैसे माझ्या नोकरीचे, घर माझ्या नावावर होणार, आणि मी आपली चहा आणणारी.

तुम्ही आलात ते चप्पल बाहेर काढून. कुणाशी फारसं बोलला नाहीत. हातोडीच्या दांड्यानं एकेक खांब खालून वर वाजवत गेलात. कुठं टणक आवाज यायचा, कुठं भद्द. माडीवर वाशाखाली पिठासारखा भुसा पडला होता, तो झाडून घेतलात आणि म्हणालात, "आठ दिवसांनी बघायचं. नवा पडला तर किडा जिवंत आहे." आमच्या मनात बसलेली पडकी भिंतही तुम्ही दोन वाक्यांत मिटवली. भिंत गेली तरी वरची तुळई रेसभर हलली नाही, कारण भार खांबावर आहे, भिंत नुसती आडोशाची. इंजिनिअर साहेबांनी जे घर पाडायचं कारण म्हणून दाखवलं, तेच तुम्ही घर ठेवायचं कारण म्हणून दाखवलंत.

मग मधल्या खांबापाशी बसलात. कुणीतरी कधीतरी जमिनीला सिमेंटचा कोबा करताना तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, पुरता बुजवून टाकला होता. दगडावर उभा असलेला खांब त्यामुळं ओलीत उभा राहिला. ह्यांनी विचारलं, "कितपत कुजलाय?" तुम्ही त्यांना उत्तर दिलं नाही. मागं वळून पटाशी, ती तुमची लाकूड तासायची छिन्नी, माझ्या हातात दिलीत. "अक्का, तू टोचून बघ. मी सांगतो म्हणून नको."

मी टोचलं. पटाशी वरच्या पांढऱ्या लाकडात लोण्यासारखी गेली आणि बोटभर आत जाऊन थटली. पुढं जाईना. तुम्ही म्हणालात, "थटली न्हवं? तिथनं गाभा." मग दुसऱ्या खांबाला टोचायला लावलंत, मग पश्चिमेच्या भिंतीत गेलेल्या तुळईच्या टोकाला. तिथं मात्र ती थटलीच नाही, आत आत जातच राहिली. पावसाच्या माऱ्याची बाजू ती. ते टोक गेलेलं होतं, आणि ते मला कुणी सांगायची गरज उरली नाही. घरमालक काका शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोरच सगळं झालं, ना घराची नालस्ती, ना खोटं कौतुक. भाव त्यांनी आपणहून कमी केला. पुढचे उतारे, रजिस्टर, हेलपाटे यांबद्दल इथं लिहीत नाही, लिहायला लागले तर राग येईल.

टेकू लावून तीन खांबांची कुजलेली बुडं कापलीत, खाली दगड चढवलात, तुळईला नवं टोक जोडलंत. मजुरी चोख घेतलीत आणि काम चोख केलंत. पण मला आठवते ती पटाशी. नुसतं "मी सांगतो, ऐका" म्हणायला तुमच्याइतका हक्क कुणाचा होता? आयुष्य लाकडात गेलेलं. ज्यांचा तेवढा हक्क नव्हता ते मात्र ठणकावून सांगून गेले. आपल्या भागात असली माणसं अजून गावागावांत आहेत, नेमकी ज्यांच्याकडं कार्ड नाही, बोर्ड नाही, म्हणून आपण त्यांना सगळ्यात शेवटी बोलावतो.

यंदाचा पावसाळा निघाला. माडीवर भुसा नाही, मी दर आठवड्याला झाडून बघते. कोबा फोडून खांबांभोवती मोकळं ठेवलंय, तुम्ही सांगितलं तेवढंच.

जिन्याची वरून दुसरी पायरी अजून करकरतेय. दिवाळीनंतर येतो म्हणाला होतात. दिवाळी झाली, मामा.

तुमची,
खालच्या गल्लीतली अक्का