दोन रंग, एकच कारखाना

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात पोहोचले. तुमच्या कंपनीची एका जुन्या स्पर्धकाशी बोलणी चालू आहेत, इंजिन एकाचे आणि सांगाडा दुसऱ्याचा असा बेत ठरतो आहे, आणि ही कुणकुण लागताच तुमची गाडी वर्षानुवर्षे वापरणारे लोक एवढे का बिथरले हे तुला उमगत नाही, असे तू लिहिले आहेस. गाडी सुधारणार असेल तर गिऱ्हाइकाने रागवावे कशासाठी, हा तुझा प्रश्न रास्त आहे. मात्र हाच राग मी इथे मिनेसोटात, बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलच्या बाबतीत, आर्क्टिक कॅट आणि यामाहा या दोन कंपन्यांनी असाच करार केला तेव्हा, अगदी जवळून पाहिला आहे आणि पुढे त्या कराराचे काय झाले हेही पाहिले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तुला स्नोमोबाईल ठाऊक आहे ती गुलमर्गच्या सहलीतली, पर्यटकांना थोडे फिरवून आणणारी. इथल्या उत्तर भागात साऱ्या हिवाळ्याची आखणीच तिच्याभोवती होते. राज्यात २२,००० मैलांहून अधिक लांबीच्या वाटा तिच्यासाठी आखलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक वाटा गावोगावची मंडळे राखतात. शेतकऱ्याकडे जाऊन त्याच्या जमिनीतून जाण्याची परवानगी मिळवणे, वाटेवर आलेल्या फांद्या तोडणे, रात्री यंत्र फिरवून बर्फ दाबून सपाट करणे, ही सगळी कामे करणारे बरेचसे लोक एक पैसाही न घेता राबतात. जो माणूस आपल्या छंदासाठी उणे वीस अंशांत रात्र जागवतो, त्याला आपले यंत्र कोणी आणि कुठे बनवले याच्याशी देणेघेणे नसेल असे समजणे चुकीचे आहे.

शिवाय इथली स्पर्धा एका घरातून फुटलेली आहे. एडगर हेटीन यांनी भाऊ आणि मित्र यांच्यासोबत १९५० च्या दशकाच्या मध्यात रोझो या गावात ज्या कारखान्यातून स्नोमोबाईल बनवायला सुरुवात केली, तो पुढे पोलारिस म्हणून नावारूपाला आला. १९६० साली त्यांनी या यंत्रांवरून अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजार मैलांहून अधिक प्रवास केला, परतल्यावर घरच्याच कंपनीशी त्यांचे मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. मग सुमारे शंभर किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्यांनी नवी कंपनी उभी केली, तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. हे गाव तुला नावाने परिचित असेल, कारण तू ज्या डिजी-कीकडून इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मागवतोस तिचे मुख्यालय तिथेच आहे आणि त्या खोक्यांवरचा पत्ताही तिथलाच असतो. लोकसंख्या नऊ हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात कारखाना बंद पडणे म्हणजे काय, हे १९८१ साली तिथल्या लोकांनी भोगले आहे. त्या वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे जुन्याच माणसांपैकी काहींनी पैसे उभे करून १९८३ साली ती पुन्हा सुरू केली आणि पुढच्या हंगामात थोडीशी यंत्रे बाजारात आणली. त्या काळात जे गिऱ्हाईक तिच्यामागे उभे राहिले त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी आजवर आर्क्टिक कॅटच्या हिरव्या रंगाशिवाय दुसरा रंग घरात येऊ दिलेला नाही.

यामाहाची गोष्ट वेगळी आहे. तिची पहिली स्नोमोबाईल १९६८ सालची. आर्क्टिक कॅटने इंजिने बहुतांशी बाहेरूनच घेतली, दीर्घकाळ तर सुझुकीकडून, पण यामाहा इंजिनापासून सांगाड्यापर्यंत सारे स्वतः बनवत असे आणि तिच्या लोकांना नेमका याचाच अभिमान होता. प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तेव्हा इतर कंपन्या बहुतांशी टू-स्ट्रोक इंजिनेच सुधारत राहिल्या, तर यामाहाने २००३ च्या मॉडेलपासून वेगवान फोर-स्ट्रोक यंत्रांवर सगळी भिस्त ठेवली. माझ्या एका सहकाऱ्याकडे यामाहाचे नायट्रो हे मॉडेल होते. कडाक्याच्या थंडीत किल्ली फिरवली की तिचे तीन सिलिंडरचे इंजिन एका दमात सुरू होई आणि शेजारच्या टू-स्ट्रोकवाल्यांची दोरी ओढण्याची खटपट चाललेली असताना हा हातमोजे घालून निवांत उभा असे. तेलाचा वास नाही, धूर नाही, आणि वेग घेताना येणारा तो जाड, सलग आवाज दूरवरूनही ओळखू येई. पण वाट वळू लागली की त्याच यंत्राचे वजन पुढच्या भागात जाणवायचे. ताज्या बर्फात नाक खाली रुतायचे आणि खाचखळग्यांच्या वाटेवर हात भरून यायचे. इंजिन अव्वल आणि सांगाडा मागे पडलेला, हे यामाहावर जीव असणारेही खासगीत कबूल करत.

फेब्रुवारी २०१३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी जाहीर केले की, यामाहा आर्क्टिक कॅटला फोर-स्ट्रोक इंजिने देईल आणि आर्क्टिक कॅट यामाहासाठी थीफ रिव्हर फॉल्समध्ये स्नोमोबाईल बांधून देईल. आर्क्टिक कॅटचा सांगाडा तेव्हा जेमतेम दोन हंगामांचा, बळकट आणि सगळ्यांनी वाखाणलेला होता. त्यात नायट्रोचे १,०४९ सीसीचे इंजिन बसवले आणि २०१४ च्या मॉडेलांत एकाच कारखान्यातून दोन यंत्रे निघाली. निळे ते यामाहाचे एसआर व्हायपर आणि हिरवे ते आर्क्टिक कॅटचे झेडआर ७०००. चूल एक आणि पंगती दोन, असा तो प्रकार होता.

त्यानंतरची प्रतिक्रिया मी कधी विसरणार नाही. यामाहावाल्यांतले बरेच जण सुतक असल्यासारखे बोलत होते. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही जास्तीचे पैसे मोजले आणि जास्तीचे वजन सोसले ते जपानमध्ये घडलेल्या यंत्राच्या टिकाऊपणासाठी. आता नाव आमचे आणि हाडे दुसऱ्याची, तर तो टिकाऊपणा कुठून येणार? त्यात नव्या यंत्राला व्हायपर हे नाव दिले होते. यामाहाने २००२ च्या सुमारास याच नावाचे एक टू-स्ट्रोक यंत्र पूर्णपणे स्वतः बनवले होते आणि ते अजून कित्येकांच्या गॅरेजमध्ये चालू स्थितीत होते, त्यामुळे ही गोष्ट त्यांना फार लागली. आर्क्टिक कॅटवाल्यांना परक्या इंजिनाचे नवल नव्हते, कारण सुझुकीची सवय होतीच. त्यांचे दुखणे दुसरेच होते. बाजारात आपला सांगाडा सरस ठरतो आहे आणि नेमका तोच आपण होऊन स्पर्धकाच्या हाती देतो आहोत, मग समोरच्या दुकानात तेच यंत्र निळ्या रंगात मिळत असेल तर आपल्या दुकानदाराने विकायचे काय, असे ते विचारत. पोलारिस आणि स्की-डू या इतर कंपन्यांची यंत्रे चालवणाऱ्यांना तर दोघांनाही चिडवण्याची आयती संधी मिळाली.

आनंद झालेले लोकही पुष्कळ होते आणि त्यांचा आनंद खरा होता. दर सप्टेंबरमध्ये नॉर्थ ब्रँचला हे डेज नावाचा मोठा मेळा भरतो, तिथे हिवाळा सुरू होण्याआधी स्नोमोबाईल चक्क गवतावर पळवतात. तिथे नव्या यंत्रांचे झाकण उघडून ठेवलेले असते आणि भोवती माणसांचे कडे पडलेले असते. गुडघे टेकून पुढच्या सस्पेन्शनचे जोड निरखणारा, पट्ट्याच्या रबरी दात्यांवरून अंगठा फिरवून त्यांची उंची जोखणारा, क्लचकडे बोट दाखवून शेजाऱ्याशी वाद घालणारा, असे नाना तऱ्हेचे लोक तिथे भेटतात. ज्या यंत्राला आदल्या हिवाळ्यात शिव्या घातल्या त्याच्याभोवती हीच मंडळी तासन्‌तास रेंगाळताना मी पाहिली. त्या सहकाऱ्याने पुढच्या वर्षी नायट्रो विकून व्हायपर घेतली आणि वळणावर यंत्र प्रथमच आपले ऐकते असे तो मला म्हणाला.

यंत्र म्हणून हा करार यशस्वी झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१७ च्या मॉडेलांत यामाहाने ९९८ सीसीचे टर्बो इंजिन दिले आणि त्यातून यामाहाची साइडवाइंडर आणि आर्क्टिक कॅटची थंडरकॅट ही जोडी निघाली. दोनशे अश्वशक्तीच्या आसपास जाणारी अशी कारखान्यातून तयार निघालेली स्नोमोबाईल त्याआधी कोणी विकली नव्हती. यातली कोणतीही एक कंपनी एकटीने हे यंत्र बनवू शकली असती असे मला वाटत नाही. १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळजवळ पाच लाख स्नोमोबाईल विकल्या जात आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या शंभरावर होत्या. २०१३ पर्यंत मोठ्या कंपन्या चारच उरल्या होत्या आणि विक्री जुन्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. एवढ्या लहान बाजारात नवे इंजिन आणि नवा सांगाडा दोन्हींचा खर्च झेपणे कठीण, हा हिशेब तुला मी समजावून सांगायला नको.

पण त्या रागावलेल्या यामाहावाल्यांच्या बोलण्यात एक भीती होती, ती मला तेव्हाही खरी वाटली होती आणि आज जास्तच वाटते. सांगाडा बनवणे सोडले की कंपनीत सांगाड्याचा विचार करणारी माणसे राहत नाहीत. बर्फात दिवसेंदिवस यंत्र चालवून कुठला सांधा केव्हा दमतो हे हाताला कळलेले लोक एकदा दुसऱ्या कामाला लागले की पाच वर्षांनी त्यांना परत बोलावता येत नाही. मग एखाद्या वर्षी वरच्या मजल्यावर हिशेब मांडला जातो तेव्हा हा धंदा सोडणे फार सोपे होऊन बसते, कारण बंद करण्यासारखे आपले स्वतःचे थोडेच उरलेले असते. घडले तसेच. यामाहाची काही जुनी मॉडेले जपानमध्ये बनत राहिली खरी, पण नवे जे काही आले ते बहुतेक मिनेसोटातून आले, अगदी लहान मुलांच्या यंत्रापर्यंत. जून २०२३ मध्ये यामाहाने स्नोमोबाईलचा व्यवसाय टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचे जाहीर केले आणि २०२५ चे मॉडेल उत्तर अमेरिकेतले शेवटचे ठरले.

दुसऱ्या बाजूलाही सुख लाभले नाही. २०१७ साली टेक्स्ट्रॉन या मोठ्या अमेरिकी कंपनीने आर्क्टिक कॅट सुमारे २४.७ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०२४ च्या अखेरीस थीफ रिव्हर फॉल्समधले उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली. ज्या गावाने १९८१ पाहिले होते त्याच्यावर पुन्हा तीच वेळ आली. २०२५ मध्ये कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने एका गटाने ती विकत घेतली, तेव्हा उत्तरेकडच्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मलाही फार आनंद झाला. एकेकाळी निळ्या रंगावर चिडलेले आर्क्टिक कॅटवाले यामाहा गेल्याचे मनापासून दुःख करत होते, हेही मी ऐकले. तीन सिलिंडरच्या त्या इंजिनावर त्यांचाही जीव जडला होता.

म्हणून तुला एवढेच सांगतो की, तुमच्या गिऱ्हाइकांची पत्रे बाजूला सारू नका. त्यांना करारातली कलमे कळत नसतील, पण तुम्ही काय सोडून देत आहात हे त्यांना नेमके कळते. पुण्याच्या माणसाला यासाठी मिनेसोटाकडे बघायचीही गरज नाही. फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ साली होंडाशी संसार मांडला. तुझ्या वडिलांची ती बटण दाबताच सुरू होणारी स्कूटर आपण दोघांनीही चालवली आहे. १९९८ साली होंडा त्यातून बाहेर पडली, पुढच्याच वर्षी तिने भारतात स्वतःची कंपनी काढली आणि २००१ मध्ये ॲक्टिव्हा आणली. त्यानंतर कोणाची बिनगिअरची स्कूटर घरोघरी गेली हे तू रोज रस्त्यावर पाहतोस. तिथे इंजिनाचे ज्ञान ज्याच्याकडे होते तो टिकला. इथे इंजिन ज्याचे तोच निघून गेला आणि सांगाडेवाला धडपडत का होईना अजून उभा आहे. तेव्हा इंजिन मोठे की सांगाडा मोठा, या वादात तुम्ही पडू नका. बोलणीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, जो भाग तुम्ही समोरच्याकडे सोपवाल त्याच्या चाचणीची माणसे, आराखडे आणि चाचणीचे मैदान तुमच्याकडे राहते की नाही. कागदावर हा खर्च दुहेरी दिसतो आणि सगळ्यांत आधी त्यालाच कात्री लागते.

तुमच्याकडे चाकणच्या चाचणी विभागात ती अनुभवी मंडळी अजून आहेत, असे तू मागे लिहिले होतेस. त्यांच्याबद्दल करारात काय म्हटले आहे, आणि काहीच म्हटले नसेल तर ते कोणाच्या सांगण्यावरून वगळले, हे मला पुढच्या पत्रात अवश्य कळव. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मिनेसोटातला मित्र