शाल-श्रीफळाआधी दोन तास बसवून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मे संपत आला की आपल्या अंकात ‘सेवापूर्ती सत्कारा’चे फोटो सुरू होतात. आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांची जन्मतारीख गुरुजींनी अंदाजानं १ जून लावून टाकली. त्यामुळे अठ्ठावन्न भरलेले जिल्हा परिषदेचे शिक्षक ३१ मेला घाऊक निवृत्त होतात. फोटो जरूर छापा. पण खाली डी.एड. कुठं केलं, रुजू कधी झाले, शाळा किती, पुरस्कार कोणता, एवढंच असतं. ते तर सेवापुस्तकातही सापडतं.

मी गेवराई तालुक्यात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा, होतो. माझ्या केंद्रातल्या एका द्विशिक्षकी शाळेत एक बाई होत्या. बारावीनंतर डी.एड. करून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लागल्या, खडू-फळा मोहिमेत एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक मिळू लागला तेव्हा. गाव निम्मं ऊसतोडीला जाणारं. दसरा-दिवाळी झाली की पट कागदावर तेवढाच, वर्गात मात्र मोजकी डोकी. हे अख्ख्या बीड जिल्ह्याचं दुखणं, नवं काही नाही. बाईंचं वेगळेपण असं, की त्या ऑगस्टपासूनच कामाला लागायच्या. कुणी मुकादमाकडून, म्हणजे तोडणीच्या टोळ्या नेणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली, कोणतं जोडपं कोणत्या कारखान्यावर जाणार, सांगली-कोल्हापूरकडं की थेट कर्नाटकात, हे त्यांच्या वहीत असायचं. मग ज्या घरात म्हातारी मागं राहणार, तिच्याकडं चकरा. नातवाला ठेवून घ्या, बाकीचं मी बघते. धाकटी भावंडं सांभाळायला थोरलीला नेतात, हे ठाऊक असल्यानं पोरींच्या घरी जास्त चकरा. जी जायचीच, त्यांच्या दप्तरात पुस्तकं आणि पुढच्या पाच महिन्यांचा अभ्यास वहीत लिहून दिलेला. एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या की ही पोरं वेगळी बसवून कुठवर विसरली ते बघायचं आणि तिथूनच धरायचं. पुढं मागं राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आली, जाणाऱ्यांना तिकडच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रक आलं. चांगलंच झालं. पण पत्रक भरून देणं वेगळं आणि पोर कुणाच्या भरवशावर गावात राहील हे ओळखणं वेगळं.

मी भेटीला गेलो की शेरेबुकात ‘कामकाज समाधानकारक’ लिहायचो. त्या रकान्यात याहून जास्त मावतही नव्हतं.

बाई निवृत्त झाल्या, शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्यांच्या जागी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून दुसऱ्या जिल्ह्यातले शिक्षण सेवक आले. मुलगा हुशार आहे, तीन वर्षं सोळा हजारांच्या मानधनावर काढायची तयारीही आहे. पण मुकादम कोण, उचल कधी वाटतात, हे त्याला कोण सांगणार? चार इयत्ता दोन खोल्यांत एका वेळी कशा चालवायच्या, हे पदविकेच्या पुस्तकात पानभर असतं. बाईंना ते पंधरा-वीस वर्षांनी जमलं होतं.

शासनाला निवृत्त शिक्षकांची आठवण येत नाही असं नाही. २०२३ च्या जुलैमध्ये वीस हजार रुपये महिन्यावर, सत्तर वर्षांपर्यंतच्या निवृत्तांना कंत्राटी नेमायचा निर्णय निघाला होता. भरती होईपर्यंत रिकामी खुर्ची भरायला! तरुण डी.एड.धारक बेकार असताना तो अनेकांना खटकला, मलाही खटकला. निवृत्तांना वर्गावर परत बोलावू नका, त्यांनी कमावलेलं नव्यांना मिळेल असं बघा.

त्याला पैसाही लागत नाही. केंद्रात शिक्षण परिषदा होतातच, आणि तिथं बहुतेक वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. निवृत्तीच्या शेवटच्या वर्षातल्या शिक्षकाला त्यातले दोन तास द्या आणि समोर नव्यानं लागलेल्यांना बसवा. प्रभार देताना टेबल-खुर्च्यांची यादी सही करून घेतात, तसंच गावाच्या माहितीचं एक टिपण घ्या. कोणती घरं स्थलांतर करतात, कुणाचं पोर कशानं शाळा सोडतं, कुणाचा शब्द गावात चालतो. चार पानं पुरेत.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. सत्काराची बातमी घेताना पुरस्कार विचारण्याऐवजी ‘तुमच्या शाळेतली मुलं कशामुळं गळायची आणि तुम्ही काय करायचात’ एवढं विचारा आणि उत्तर छापा. आमच्याकडच्या शाळांपुरतं हे दसऱ्याच्या आत झालं, तर यंदाच्या हंगामातच कामाला येईल.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
गेवराई, जि. बीड