नम्ब करणं, सिडेट करणं आणि पूर्ण भूल

प्रिय सुहास,

फोनवर तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतास : "मला काहीच कळायला नको, सरळ झोपवून टाका." सर्जन म्हणाले, 'कमरेखाली नम्ब करू, वाटलंच तर थोडं सिडेट करू', आणि तुझा समज झाला की हर्नियाच्या ऑपरेशनला आपल्याला अर्धवट भूल देऊन निभावून नेणार. तसं अजिबात नाही. नम्ब करणं (म्हणजे बधिर करणं), सिडेट करणं (म्हणजे गुंगी देणं) आणि पूर्ण भूल देणं या एकाच गोष्टीच्या कमी-जास्त पायऱ्या नाहीत. ही वेगळी कामं आहेत आणि ती शरीरात वेगळ्या जागी घडतात. माझं रोजचं कामच हे आहे, म्हणून नीट लिहून कळवतो.

आधी नम्ब करणं. दुखल्याची खबर नसेतून मेंदूकडे जाते, त्यासाठी नसेच्या आवरणातल्या सूक्ष्म वाटांनी सोडियम आत शिरावं लागतं. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन ही औषधं नेमक्या त्या वाटा अडवतात. खबर पुढे सरकतच नाही. मेंदू टक्क जागा असतो, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही इतकंच. दुखणं आणि थंड-गरम पोचवणाऱ्या नसा बारीक असतात, त्या लवकर बंद पडतात. स्पर्श आणि दाब कळवणाऱ्या नसा जाड, त्या मागाहून बंद होतात, कधी पूर्ण होतही नाहीत. त्यामुळे कुणीतरी जांघेपाशी ओढतंय, दाबतंय असं तुला वाटू शकेल. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजून घाबरू नकोस. मात्र दुखलं, तर त्याच क्षणी बोल. सोसत पडून राहायचं नाही.

प्रत्यक्षात काय होईल तेही सांगतो, म्हणजे तिथे काही अचानक वाटणार नाही. तुला टेबलावर बसवतील, हनुवटी छातीला टेकवून पाठ बाहेर काढायला सांगतील. पाठीवर गार औषधाचा बोळा फिरेल, मग कातडीपुरती एक छोटी सुई टोचेल, तीच काय ती बोचणारी. त्यानंतरच्या सुईचा दाब जाणवतो. औषध जातं दोन-तीन मिलिलिटर. मिनिटभरात पावलं गरम वाटू लागतात, कारण रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसा सगळ्यात आधी सैलावतात. त्यानेच रक्तदाब थोडा उतरतो, कधी मळमळतं. मळमळलं की सांग, त्यावर औषध हाताशी तयार असतं. मग स्पिरिटचा बोळा पोटावर टेकवून विचारतील, "गार लागतंय का?" हात लावलेला कळेल पण गार लागणार नाही, ही खूण आम्हाला हवी असते. शेवटी पाय उचलायला सांगतील आणि ते उचलले जाणार नाहीत. धीट माणसंही इथे गडबडतात. काही तासांत पाय पुन्हा पूर्ववत होतात.

तुला डोकेदुखीची भीती कुणीतरी घातली आहे. ती गोष्ट खरी आहे आणि जुनीही. 1898 साली जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन देऊन कमरेखालचा भाग बधिर करून दाखवला. मग हा प्रयोग ते आणि त्यांचे सहायक यांनी एकमेकांवर केला. सहायकाच्या नडगीवर हातोडीने मारलं तरी त्याला दुखलं नाही, पण नंतर दोघांचीही डोकी भयंकर दुखली. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं की तसं होतं. आताच्या सुया कितीतरी बारीक असतात, टोकं पेन्सिलीसारखी असतात, त्यामुळे हा त्रास फार कमी झाला आहे. बसल्यावर ठणकणारं आणि आडवं पडल्यावर उतरणारं डोकं दुखायला लागलं, तर मात्र लगेच कळव.

आता सिडेट करणं. मिडॅझोलॅमसारखं औषध मेंदूवर काम करतं. घालमेल थांबते, डोळे जड होतात, त्या वेळचं पुष्कळसं लक्षातही राहत नाही. दुखणं मात्र त्याने थांबत नाही. नम्ब केलेल्या माणसाला वरून थोडी गुंगी दिली तर मला ती मनापासून पटते. नम्ब करण्याऐवजी गुंगी, हे मला कधीच पटलेलं नाही. आणि "जरा जास्तच द्या" असं तू म्हणालास, तर गुंगी वाढवली की श्वास मंदावतो, जीभ मागे पडते. तुझा दमा बघता ते मुळीच नको.

पूर्ण भूल ही झोप नव्हे. झोपलेला माणूस हलवला की जागा होतो, पूर्ण भुलीत चिरलं तरी होत नाही. बहुतेक वेळा घशातून नळी घालून श्वासही आम्हीच सांभाळतो. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून रुग्णाच्या मानेवरची गाठ सगळ्यांसमोर काढू दिली, तिथून जग बदललं. क्रॉफर्ड लाँग यांनी अमेरिकेतच 1842 मध्ये ते केलं होतं, पण प्रसिद्ध केलं 1849 मध्ये. मोठ्या ऑपरेशनांना पूर्ण भूल लागतेच, आणि ती लागते तिथे मी बिनधास्त देतो. तुझ्या दम्याच्या श्वासनलिकेत गरज नसताना नळी घालायची नाही, एवढ्यासाठीच तुला पाठीतून देणार आहेत. उलट ते तुझी जास्त काळजी घेतायत.

आणखी एक काम आम्ही करतो, ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. खांद्यावर हात ठेवणं, बोलत राहणं. याला नुसता धीर समजू नकोस. लागल्या जागी चोळलं की बरं का वाटतं, याचं उत्तर रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये सुचवलं : स्पर्शाची खबर मज्जारज्जूत पोचली की दुखण्याची खबर तिथेच दबते. बारकावे पुढे बदलले, गाभा टिकला. मनाच्या भीतीनेही दुखणं वाढतं, हे मी रोज बघतो. म्हणून डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेव की मला भीती वाटते, माझ्याशी बोलत राहा. लाजू नकोस, आम्हाला ते ऐकायचंच असतं.

दमा, रोजच्या गोळ्या, कुठल्या औषधाची ॲलर्जी, तंबाखू, हलणारा दात, काहीही लपवू नकोस. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच फोन करून सांग, पाठीत सुई देण्याआधी ते कळणं फार महत्त्वाचं आहे. इनहेलर सोबत ने आणि सकाळी घ्यायचा का ते विचार. उपाशी राहायची वेळ सांगतील ती काटेकोर पाळ. आणि पायात मुंग्या येऊन जाण परतायला लागली की दुखण्याची वाट न बघता वेदनाशामक मागून घे. एकदा ठणका चढला की तो उतरवायला जास्त औषध लागतं.

कागद हातात आले की फोटो पाठव, मी वाचतो.

तुझा,
अविनाश